झेलेंकाची मिस्सा आणि जोतिबाचा नवस

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगताना जीभ अडखळली असती, म्हणून लिहिते आहे. यंदा दिवाळीला मी येत नाही. तिकीट जानेवारीचे काढून टाकले आहे. माझी रजा बाबांच्या बायपासच्या वेळी संपली हे खरेच, पण तेवढेच कारण सांगितले तर ती लबाडी होईल. नोव्हेंबरमध्ये इथे ड्रेस्डेनला आमच्या हौशी गायकवृंदाचा कार्यक्रम आहे, आणि त्यात जे गायचे आहे ते सोडून निघायला माझे मन घेईना. पुढचे वाचेपर्यंत तरी रागावू नका.

बाबा, जोगकंस राग ऐकताना बंदिशीत ‘गुणिदास’ ही रचनाकाराची मुद्रा आली की तुम्ही टेप थांबवून विचारायचात, “गातंय कोण ते कळलं, पण बांधलं कोणी?” दादा तोवर अंगणात पळालेला असायचा, आणि मी तुमच्या मांडीवरून “जगन्नाथबुवा पुरोहित!” असे ओरडून चिक्कीचा तुकडा मिळवायचे. ती खोड इथेही सुटलेली नाही. जुना जर्मन संगीतकार बाख सर्वांनाच ठाऊक असतो, म्हणून मी त्याच्या आजूबाजूची नावे शोधत गेले आणि मला यान डिस्मास झेलेंका सापडला.

हा १६७९ मध्ये बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, जन्मला आणि ड्रेस्डेनच्या दरबारात व्हायोलोन हे खर्जातले तंतुवाद्य वाजवीत असे. मुख्य संगीतकार हाइनिखेन आजारी पडल्यापासून चर्चच्या संगीताचे बरेचसे ओझे यानेच वाहिले. १७२९ मध्ये हाइनिखेन वारला, झेलेंकाने पदासाठी रीतसर अर्जही केला, पण ते पद ऑपेरात नाव मिळवलेल्या हासेला गेले. (बाबा, तुमच्या ऑफिसातल्या बढतीची आठवण झाली, आई, त्यांना पुन्हा तो विषय काढू देऊ नकोस.) तरीही बाखच्या मुलाने १७७५ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात, वडिलांना ज्यांच्याविषयी आदर होता अशा रचनाकारांमध्ये झेलेंकाचे नाव आहे. त्याची हस्तलिखिते इथल्याच ग्रंथालयात आहेत.

आम्ही गाणार आहोत ती त्याची १७३९ मधली ‘मिस्सा वोटिवा’, म्हणजे नवसाची मिस्सा; मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेतल्या प्रार्थनांना दिलेले संगीत. मोठ्या दुखण्यातून उठल्यावर नवस फेडण्यासाठी त्याने ती लिहिली. हे वाचले त्या रात्री मला हॉस्पिटलच्या बाकावर जपमाळ ओढीत बसलेली आई दिसली, आणि मी नाव नोंदवून आले.

एक आवाज ओळ उचलतो, ती संपायच्या आत दुसरा तीच ओळ वेगळ्या पट्टीतून धरतो, आणि सम कुठे आहे हे कळेनासे होते. मी पहिल्या दिवसापासून बोटांच्या पेरांवर मात्रा मोजते. शेजारची आजी आधी नुसती पाहत असे; आता तीही आपली करंगळी चाचपून मोजते.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, तूरडाळ मिळते, गोडा मसाला अजून अर्धा डबा आहे. काळजी तुमचीच वाटते, म्हणून जरा हुकूम सोडते. बाबा, रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, आठवेल तेव्हा नव्हे. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. दादा पुढच्या आठवड्यात स्पीकर जोडून देईल. त्यावर आधी या मिस्सेचा फक्त सुरुवातीचा भाग ऐका, कारण सगळी ऐकायला तास-सव्वा तास लागतो आणि बाबा मध्येच घोरू लागतील.

आणि आई, बाबांसाठी बोललेला नवस फेडायला जोतिबाला एकटी जाऊ नकोस. देवळाकडे उतरणाऱ्या त्या पायऱ्या तुझ्या गुडघ्याला झेपणार नाहीत. नवस लांबवू नये असे तू म्हणशील, पण इतकी मोठी मिस्सा लिहायला झेलेंकालाही दिवस लागलेच असतील. जानेवारीत आपण तिघे जाऊ. गुलाल तू घे, नारळ मी आणीन.

तुमची,
मनू