लेसर कटरखाली काय अंथरावे?

महोदय,

घरगुती लेसर कटर घेताना वॅट आणि किंमत पाहिली जाते, पण कापायचा माल कशावर ठेवायचा हा प्रश्न मागे पडतो आणि अनेक जण सरळ एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेली) फळी अंथरून काम सुरू करतात. किरण आरपार गेला की ती फळी जळते आणि तिचा कोंडलेला धूर मालाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटवतो. गुळगुळीत ॲल्युमिनियमचा पत्राही योग्य नाही, कारण त्यावरून उलटलेला किरण माल खालून करपवतो आणि डोळ्यांनाही घातक ठरू शकतो. पातळ प्लाय व पुठ्ठ्यासाठी मधमाशीच्या पोळ्यासारखी धातूची जाळी मला सर्वांत योग्य वाटते, कारण माल कमीत कमी जागी टेकतो आणि धुराला खालून वाट मिळते. जाड ॲक्रिलिकला मात्र दूरदूर बसवलेल्या धारदार पट्ट्या बऱ्या. डायोड लेसरचा (अर्धवाहक चिपमधून निघणाऱ्या लेसरचा) 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा किरण पारदर्शक ॲक्रिलिकमधून जवळजवळ न अडता जातो, म्हणून जाळीखाली न जळणारा पत्रा हवाच. पीव्हीसी शीट तर कधीही अंथरू नये, तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो. जाळीत साठलेला डिंकासारखा चिकटा पेट घेऊ शकतो, तोही वेळोवेळी काढावा. विक्रेत्यांनी या सूचना मराठीत छापून यंत्रासोबतच द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे