'इन' म्हणजे दर वेळी 'नाही' नव्हे

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की लॅबमध्ये ॲसिटोनची बाटली पेटत्या बर्नरशेजारी राहिली. लेबलवर 'इन्फ्लेमेबल' होतं आणि तुम्हा दोघींना वाटलं, म्हणजे न पेटणारं. सरांनी वेळेत उचलली म्हणून निभावलं. मला हसू आलं नाही गं. रात्री पानेवाडीहून टँकर भरून निघालो, तर मालेगाव येईपर्यंत डोक्यात तेच. आता पंपावर माझा नंबर लागायचाय, तोवर लिहायला बसलो.

तुमचं चुकलं कुठे, ते मला कळतं. करेक्ट-इन्करेक्ट, कम्प्लीट-इन्कम्प्लीट असंच शाळेत घोकून घेतलेलं. पण हा 'इन' त्यातला नाही. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं, आणि जे पेटवता येतं ते इन्फ्लेमेबल. आजीच्या गुडघ्याला डॉक्टर इन्फ्लेमेशन म्हणाले होते, आठवतं? आजी आपली एकच सांगायची, "गुडघ्याची आग होते." शब्द त्याच घरातला.

आपल्याकडे ज्वलन आणि प्रज्वलन आहे ना, तसंच समज. गॅदरिंगला दीपप्रज्वलन होतं, तेव्हा 'प्र' लागला म्हणून समई विझते का? फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल यांत अर्थाचा काडीचा फरक नाही. दोन्ही पेटतात. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. नायट्रोजनच्या सिलिंडरवर हिरव्या चौकटीत तेच असतं.

आमच्या 3 दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी हा शब्द फळ्यावर लिहून विचारलं होतं. निम्म्या ड्रायव्हरांनी तुमचंच उत्तर दिलं. मग साहेबांनी सांगितलं, लोकांचा असा घोळ होतो म्हणूनच 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 'फ्लेमेबल' वापरा म्हणून आग्रह धरला. माझ्या मते इन्फ्लेमेबल हा शब्द लेबलांवरून कधीच जायला हवा होता. आपल्या टँकरच्या पाठीवर तो अजून आहे, पण खाली 'अति ज्वलनशील' आहे, ते वाचून कोणी फसत नाही.

आणि बाटली बंद होती, हे मला सांगू नकोस. पेटते ती वाफ. ॲसिटोन उणे 20 अंशांच्या आसपाससुद्धा पेटण्याजोगी वाफ सोडतं, म्हणजे नाशिकच्या थंडीचा काही उपयोग नाही. ती वाफ हवेच्या दुप्पट जड. वर उडून जात नाही, टेबलावरून सरपटत बर्नरपर्यंत पोचते. पेट्रोलचं तर याहून वाईट. म्हणून पंपावर गाडी लावली की मी आधी अर्थिंगची क्लिप लावतो, म्हणजे टँकरवर साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरते आणि ठिणगी पडत नाही, पत्रा खरवडून धातूला धातू लागला का ते बोटाने चाचपतो, दहा मिनिटं थांबतो आणि मगच झाकणाला हात. क्लीनर घाई करतो. मी करू देत नाही. बावीस वर्षं झाली.

उद्या सरांना विचारून त्या बाटलीवर मराठीत चिठ्ठी चिकटव: 'पेट घेते. बर्नरपासून लांब ठेवा.' अक्षर मोठं काढ. चिकटवलीस की फोन कर. दुपारी तीननंतर कर, त्याआधी मी डेपोत असेन आणि तिथे फोन गेटवरच जमा असतो.

तुझे,
पप्पा