फिर्यादीचे नाव गाळणे पुरेसे नाही

महोदय,

‘माहेरहून पैसे आणण्यासाठी विवाहितेचा छळ, पतीसह पाच जणांवर गुन्हा’ या धाटणीची बातमी मराठी दैनिकांच्या शहर पानावर नित्याची आहे. तिच्यात फिर्यादीचे नाव बहुधा नसते. पण तिचे वय असते, सध्या ती कोणत्या भागात माहेरी राहते तेही असते, आणि पुढच्याच ओळीत पती, सासू-सासरे, दीर, नणंद यांची पूर्ण नावे सोसायटीच्या नावासकट येतात. कधी लग्नाची तारीख आणि पतीची नोकरीही दिलेली असते. तिला तोंड द्यावे लागते ते सोसायटीतल्या, भावकीतल्या आणि कार्यालयातल्या माणसांना, आणि त्यांना एवढ्यावरून ती कोण हे लगेच कळते. तालुक्याच्या गावी तर ‘अमक्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची सून’ एवढेही पुरते. मग तिच्या वडिलांना ‘मिटवून घ्या’ असे सांगणारे फोन सुरू होतात.

बलात्कार व लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख छापणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पती व सासरकडून होणाऱ्या क्रूरतेच्या फिर्यादीला, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ आणि आताच्या न्याय संहितेच्या कलम ८५ ला, ते कलम लागू नाही. त्यामुळे काय छापायचे हे वृत्तपत्राच्या विवेकावर राहते. म्हणूनच हे पत्र संपादकांना लिहीत आहोत.

न्यायालयातही तिची गोपनीयता आपोआप राखली जात नाही. एकाच स्त्रीचे एकाच संसारातून उभे राहिलेले तीन दावे तीन ठिकाणी चालतात आणि प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा. हिंदू विवाह कायद्याखालील घटस्फोटाची सुनावणी कलम २२ नुसार बंद दाराआडच व्हावी लागते आणि तिचा मजकूर छापण्यास मनाई आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तेवढे परवानगीने छापता येतात. उल्लंघनाला दंड मात्र फक्त एक हजार रुपयांपर्यंत. कौटुंबिक न्यायालयात १९८४ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार दोघांपैकी एकाने मागितले तरी बंद दाराआड सुनावणी द्यावीच लागते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या (२००५) कलम १६ मध्ये नुसती मागणी पुरत नाही. परिस्थिती तशी आहे हे न्यायदंडाधिकाऱ्यांनाही पटावे लागते. कलम ८५ चा फौजदारी खटला तर खुल्या न्यायालयातच चालतो. कोणाला बाहेर ठेवायचे हे न्यायाधीशांच्या अधिकारात असते. म्हणजे घटस्फोटाच्या सुनावणीत जे छापता येत नाही, तेच फिर्यादीतून उचलून छापले जाते.

बंद दाराआड सुनावणीसाठी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १६ चा अर्ज एका पानाचा असतो. तो त्याच कायद्याखाली दाद मागणाऱ्या कलम १२ च्या मुख्य अर्जासोबत पहिल्याच दिवशी द्यावा. ‘बाब खासगी आहे’ एवढ्या कारणावर तो बहुधा टिकत नाही. दर तारखेला प्रतिवादीचे नातेवाईक दालनात गर्दी करतात, जबाबात लैंगिक छळाचा तपशील येणार आहे, मुलाची साक्ष आहे, धमक्या आल्या आहेत, असे नेमके लिहावे. सोबत आधारासाठी एक व्यक्ती दालनात राहू द्यावी, पुकारा नावाऐवजी प्रकरण क्रमांकाने व्हावा आणि संकेतस्थळावरील आदेशात नावे झाकावीत, हेही मागावे. अडचण पुढे येते. आदेश तोंडी होतो, रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, येत नाही, न्यायाधीशांची बदली होते आणि दार पुन्हा उघडते. म्हणून रोजनाम्यात नोंद झाली का ते त्याच दिवशी पाहावे, प्रमाणित प्रत घ्यावी आणि ती दर तारखेला जवळ ठेवावी.

न्यायालयांतील प्रकरणांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर न्यायालय व वर्ष निवडून पक्षकाराच्या नावाची तीन अक्षरे टाकली तरी शोध घेता येतो. पक्षकारांची नावे आणि पुढची तारीख अशी कोणालाही सापडू शकते. नावे झाकणे अशक्य मुळीच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये पक्षकारांच्या नावांऐवजी केवळ अक्षरे वापरून तशी पद्धत घालून दिली होती. घरातल्या हिंसेच्या प्रकरणांत तशीच पद्धत जिल्हा न्यायालयांनी स्वतःहून स्वीकारावी, असे आमचे ठाम मत आहे.

एफआयआरचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो, पण संवेदनशील गुन्ह्यांना सूट आहे आणि ती ठरवणारा अधिकारी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालचा चालत नाही. फिर्याद देतानाच त्या अधिकाऱ्याच्या नावे लेखी विनंती द्यावी आणि पोच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दिली तर बहुधा उशीर झालेला असतो.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो व्हॉट्सअॅपमुळे. तिच्या प्रतिज्ञापत्राचे फोटो काढून ते नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या गटावर फिरवले जातात. यावर उपाय कौटुंबिक हिंसाचार कायद्यातच आहे. कलम १८ च्या संरक्षण आदेशात एखादी विशिष्ट कृती नमूद करून तिला मनाई करता येते. ‘प्रकरणातील कोणताही कागद, फोटो वा संभाषण कोणत्याही माध्यमातून तिसऱ्या व्यक्तीला देऊ नये’ असे वाक्य मागण्यांमध्ये स्वतंत्रपणे लिहावे. ‘त्रास देऊ नये’ असे मोघम लिहिले की पुढे भंग सिद्ध करणे जड जाते. भंगाला कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि कलम ३२ नुसार तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. अर्जाला जोडायच्या आधार कार्डावर शेवटचे चारच अंक दिसू द्यावेत. मुलांच्या शाळेचे नाव आणि सध्याचा पूर्ण पत्ता बंद लिफाफ्यात देण्याची परवानगी मागावी. ती आश्रयगृहात असेल, तर याच कायद्याखालील २००६ च्या नियमांतील १६ व्या नियमाप्रमाणे तिने सांगितल्यास तिथली तिची ओळख प्रतिवादीला कळवता येत नाही. हे तिला कोणीतरी आधी सांगायला हवे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

या बातम्या छापूच नका, असे आमचे म्हणणे अजिबात नाही. त्या बंद झाल्या तर फायदा मारणाऱ्याचाच. आरोपी लोकप्रतिनिधी वा अधिकारी असेल तर त्याचे नाव यावे, पण तिला आधी विचारून, आणि मुले व माहेरचा पत्ता वगळून. तिला स्वतःच्या नावाने बोलायचे असेल तर तिची लेखी संमती घ्यावी. एरवी आरोपींची नावे, सोसायटी, लग्नाची तारीख व नोकरी गाळून पोलीस ठाणे, कलमे आणि छळाचे स्वरूप एवढे दिले तरी बातमी पूर्ण होते. ई-आवृत्ती आणि फेसबुकवरील मजकुरालाही हेच लागू व्हावे, आणि प्रतिक्रियांत तिचे नाव कोणी लिहिले तर ते काढणारा माणूस नेमलेला असावा. जुनी बातमी काढण्यासाठी तिने कोणाला लिहायचे, तो ईमेल पत्ता शहर पानावर छापावा, ही विनंती.

आपले,
कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत काम करणाऱ्या समुपदेशक व वकील, पुणे