तपकीर गल्लीतल्या काकांना, हिरव्या ठिपक्यांबद्दल

काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही माझं कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड दुरुस्त करून दिलंत, पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू दे हो ताई’ म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, घेऊन पडद्यावरच्या ठिपक्यांशी झुंजणारी माणसं सध्या घरोघरी आहेत. तुम्ही माझ्या कार्डाचं काय केलंत, ते त्यांच्याही कामी येईल.

कार्ड तुम्हाला आठवत असेल. एएमडीचं आरएक्स ५८०, ८ जीबी मेमरीचं, दोन पंख्यांचं, मागच्या पट्टीवर गंजाचे डाग. मी सासवडला लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. नव्या कार्डाची किंमत ऐकून सेकंडहँडवर आले आणि ते अजूनही मला पटतं. कार्ड बसवून देणाऱ्या मुलाने आधी कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता येण्यासाठीचा प्रोग्राम, टाकला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आला, कोड ४३, म्हणजे अडचण आल्यामुळे विंडोजने कार्ड थांबवलंय. मग त्याने ड्रायव्हरमध्ये फेरफार करणारा कुठलातरी पॅच चालवला आणि कार्ड सुरू झालं. पण टाइमलाइनवर क्लिप पुढे-मागे ओढली की नवरीच्या शालूवर हिरवे-गुलाबी चौकोन उमटायचे, बुद्धिबळाच्या पटासारखे. मध्येच पडदा काळा व्हायचा, दोन-तीन सेकंदांनी परत यायचा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ ची नोंद दिसायची: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं, आता सावरला आहे.

तुमच्याकडे यायच्या आधी एका दुकानात मला नवी एचडीएमआय केबल विकली गेली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, ‘चिपला हीट मारून देतो, गॅरंटी नाही.’ तुम्ही मात्र कार्ड हातातच घेतलं नाहीत. आधी विचारलंत, ‘ठिपके कधी दिसतात?’

मला वाटलं, वेळ काढताय. पण त्यानंतरचा तुमचा एकेक प्रश्न नेमका होता. पीसी चालू केल्यावर मदरबोर्डचा लोगो येतो, त्यावर ठिपके आहेत का? नाहीत. सेफ मोडमध्ये, म्हणजे कार्डाच्या ड्रायव्हरशिवाय विंडोज चालू केल्यावर? नाहीत. मग बरं, म्हणालात. लोगोवरच ठिपके असते तर मेमरीची चिप किंवा तिचं सोल्डर गेलेलं असण्याची शक्यता जास्त. ड्रायव्हर येऊन कार्ड पूर्ण वेगाने पळायला लागल्यावरच दिसत असतील, तर अजून बरंच तपासायचं बाकी आहे.

मग तुम्ही ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट काढायला लावलात आणि तो मोबाइलवर घेऊन उघडलात. मोबाइलच्या पडद्यावरही शालूवर तेच चौकोन. ‘आता मॉनिटर आणि केबल सुटले,’ तुम्ही म्हणालात. स्क्रीनशॉट कार्डाच्या मेमरीतून उचलला जातो. ठिपके त्यातही आले म्हणजे चित्र केबलपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलंय. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि पडदा खराब असता, तर केबलकडे बघायचं. एक पैसा न लागणारी ही तपासणी मला कोणीही सांगितली नव्हती, आणि केबल विकणारा तरी का सांगेल?

पुढची पायरी मेमरीच्या वेगाची. रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन तुम्ही मेमरी २००० मेगाहर्ट्झवरून १७५० वर आणलीत. तीच क्लिप, तसंच ओढणं, पण चौकोन गायब. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी वहीत लिहून ठेवलंय: ‘रॅम मेलेली नाही, तिला घाई करायला लावलीय.’

मग ड्रायव्हर काढायचं काम. आधी इंटरनेटची वायर काढलीत, कारण नेट असलं की विंडोज आपल्या मर्जीने एखादा ड्रायव्हर आणून बसवतं. सेफ मोडमध्ये डीडीयू हा ड्रायव्हर मुळापासून पुसणारा प्रोग्राम चालवून त्या मुलाच्या पॅचसकट सगळं पुसलंत आणि एएमडीचा मूळ ड्रायव्हर टाकलात. पुन्हा पिवळा त्रिकोण, पुन्हा कोड ४३! माझा चेहरा पडला आणि तुम्ही चक्क खूश झालात. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे ते कसं चालावं हे ठरवणाऱ्या त्याच्यातल्याच छोट्या प्रोग्रामात, कुणी हात घातला असेल तर त्याची सही जुळत नाही आणि मूळ ड्रायव्हर कार्ड चालवायला नकार देतो. तो पॅच याच तपासणीला गप्प बसवत होता. म्हणजे ज्याला आम्ही इतके दिवस इलाज समजत होतो, त्यानेच खरा पुरावा झाकून ठेवला होता.

बायोसमध्ये हात कोणी घातला, हे सांगायला तुम्हाला ज्योतिष लागलं नाही. ही कार्डं इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगमध्ये, म्हणजे रात्रंदिवस गणितं सोडवून नाणी कमावण्यात, वर्षानुवर्षं राबली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि मायनिंगची कार्डं ढिगाने बाजारात आली. त्या कामात सगळा खेळ मेमरीच्या वेगावर असतो. मेमरीच्या चिपला एका कामातून दुसऱ्या कामात जायला किंचित उसंत लागते, आणि कुठल्या वेगाला किती उसंत द्यायची हे कार्ड बनवणारा बायोसमध्ये लिहून देतो. मायनिंगवाले खालच्या वेगाचे तोकडे आकडे उचलून वरच्या वेगालाही चिकटवतात. कमाई वाढते. अधूनमधून एखादं उत्तर चुकलं तर ते एक उत्तर वाया जातं, त्यांना फरक पडत नाही. माझ्याकडे मात्र तीच चूक नवरीच्या गालावर हिरवा चौकोन होऊन बसते.

कार्ड विकणारा ‘फक्त गेमिंग केलंय’ म्हणाला होता, हे सांगितल्यावर तुम्ही नुसते हसलात.

आणि मग ते बटण. कार्डाच्या वरच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा काळा खटका. मी तो पाहिलाही नव्हता. आधी कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रामने आहे त्या बायोसची प्रत पेनड्राइव्हवर घेतलीत. मग पीसी बंद करून, वायर काढून, टूथपिकच्या टोकाने खटका पलीकडे सारलात. अशा बऱ्याच कार्डांवर दोन बायोस असतात. एकात कारागिरी झालेली, दुसरा बहुतेक तसाच राहिलेला, हा तुमचा कयास होता. पीसी चालू केला. त्रिकोण नाही. मूळ ड्रायव्हर मुकाट्याने चालू. मेमरी पुन्हा २००० वर आणि शालू लालच्या लाल.

‘दुसराही बिघडवलेला असता तर?’ मी विचारलं. तर मूळ बायोस शोधून लिहावा लागला असता, म्हणालात, पण आधी मेमरी कोणत्या कंपनीची आहे ते जीपीयू-झेडमध्ये बघून. सॅमसंगची मेमरी असलेल्या कार्डात फक्त हायनिक्ससाठी लिहिलेला बायोस घातला, तर पुन्हा ठिपक्यांना आमंत्रण. हे मुद्दाम इथे लिहिते, कारण ‘नेटवरून बायोस टाका’ असा सल्ला सरसकट मिळतो.

हीट मारण्याबद्दलही तुम्ही मला पुरतं समजावलंत. शिशाशिवायचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. हीट गनने वरवर शेकून किंवा घरच्या ओव्हनमध्ये कार्ड भाजून ते नीट बसत नाही. चार दिवस चाललं तरी नंतर पुन्हा तेच. माझ्या कार्डाला तर त्याची गरजच नव्हती. तेव्हा हीट मारली असती तर धडधाकट कार्ड घरी जाताना मेलं असतं.

चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलणं, पंखे पुसणं, पॉवरच्या दोन कनेक्टरना दोन वेगळ्या वायरी देणं ही कामं तुम्ही बोलता बोलता उरकलीत. शेवटी एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या प्रोग्रामात मेमरीच्या चुकांचा आकडा लावून तासभर रेंडर चालू ठेवलात. जीडीडीआर५ या कार्डावरच्या मेमरीच्या प्रकारात वाटेत चुकलेला डेटा पुन्हा मागवला जातो, त्यामुळे ठिपका न दिसताही चूक होत असू शकते, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, असं तुमचं म्हणणं. आकडा शेवटपर्यंत शून्य राहिला.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ‘मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईट कार्ड नव्हे’ हे खरं, कारण ते लोक चिपचा व्होल्टेज कमी ठेवतात आणि झिजतात ते मुख्यतः पंखे. पण विकताना खोटं बोलणाऱ्याला तुम्ही इतकं सहज सोडून देऊ नये. खटका आधीच पलीकडे सारून द्यायला त्याला दहा सेकंद लागले असते.

तुम्ही घेतलेत ते पेस्टचे पैसे. निदानाचे घ्या म्हटलं तर ‘मी केलं काय, खटका सरकवला’ म्हणालात. काका, त्या खटक्यापर्यंत पोचायला लागलेल्या अक्कलहुशारीचं बिल व्हायला हवं. पुढच्या आठवड्यात माझा मावसभाऊ त्याचं कार्ड घेऊन येतोय. त्याच्या मॉनिटरवर उभ्या रेषा येतात. स्क्रीनशॉट काढून बघितलाय, त्यात रेषा नाहीत, तेव्हा केबल आणि मॉनिटर दोन्ही सोबत आणायला सांगितलंय. त्याच्या हाती पुरंदरच्या अंजिरांची पेटी पाठवतेय. ती काकूंना द्या, आणि त्याच्याकडून पैसे पूर्ण घ्या. तो नोकरीला आहे.

आपली,
सासवडची व्हिडिओवाली ताई