मातीचे ढिगारे वाचायला शिकवणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही या अटीवर तुम्ही या पत्राला होकार दिलात, म्हणून नुसतं 'काका' म्हणते. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे आणि आसपासच्या ज्या मराठी घरांत बागेचं वेड आहे, त्यांना तेवढ्यावरून ओळख पटेल. फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात. पण तुम्ही आमच्याकडे जे शिकवून गेलात ते पुष्कळांच्या उपयोगाचं आहे. इथे अंगणवालं घर घेतलं की आज ना उद्या गोफरशी, म्हणजे जमिनीखाली भुयारं खणून मुळं खाणाऱ्या छोट्या प्राण्याशी, गाठ पडतेच. म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

आमच्या परसातली दशा तुम्ही पाहिलीच होती. मेथीच्या वाफ्यातून रोपंच्या रोपं खाली ओढली जात होती. अंजिराचं झाड भर वसंतात मान टाकून उभं होतं, नुसतं धरून हलवलं तरी डुलायचं. मागची हिरवळ ठिकठिकाणी उकरलेली. आईचं मत पक्कं होतं, ही घूसच. आमच्या गावी परसात घुशींनी पोखरलेली जमीन तिनं जन्मभर पाहिली आहे. मित्रमंडळींचे सल्लेही चालू होते: बिळात च्युइंग गम टाका, लसूण टाका, गाडीचा धूर सोडा, जमिनीत थरथरणारी काठी रोवा, विषाचे दाणे टाका. जो तो आपापल्या अनुभवाची हमी देत होता.

तुम्ही आलात ते हात मागे बांधून. कुदळ नाही, औषध नाही. आधी सगळी बाग एकदा चालून आलात, मग एका ताज्या ढिगाऱ्यापाशी गुडघ्यावर बसलात आणि वरची माती बोटांनी हलकेच बाजूला सारलीत. म्हणालात, "आकार बघ." तोपर्यंत मला सगळे ढिगारे सारखेच दिसत होते. तुम्ही दाखवल्यावर दिसलं की माती एकाच बाजूला पंख्यासारखी पसरली आहे, घोड्याच्या नालाच्या आकाराची, आणि बिळाचं तोंड मधोमध नसून एका कडेला आहे, मातीच्या बुचानं बंद केलेलं. ही गोफरची सही. मग मला पुढच्या अंगणात नेऊन तिथली लांबच लांब फुगलेली रेघ दाखवलीत. पाय ठेवला की ती दबत होती. जवळच दोन ढिगारे होते ते गोल, छोट्या ज्वालामुखीसारखे, चहूकडे सारखी माती उतरलेले. तो मोल. म्हणजे आमच्याकडे पुढे एक पाहुणा होता आणि मागे दुसराच, आणि आम्ही दोघांना एकच समजून एकच औषध शोधत होतो.

हा फरक कळला नसता तर पुढचं सगळं वाया गेलं असतं, म्हणून तो इथे नीट लिहिते. मोल आपल्याकडच्या चिचुंद्रीच्या गोतातला. तो गांडुळं, हुमण्या, किडे खातो. आमच्या मेथीशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्याच्या भुयारामुळे वरची मुळं उचलली जातात, हिरवळ पिवळी पडते, दिसायला वाईट दिसतं, बस्स. धान्याचे विषारी दाणे तो ढुंकूनही पाहत नाही. गोफर मात्र पक्का शाकाहारी, मुळं आणि कंद खाणारा. आईला तुम्ही किती आदरानं समजावून सांगितलंत की ही घूस नव्हे. घूस उंदराच्या कुळातली, आपल्या मुलखातली. गोफरचं कुळच वेगळं, आणि ते उत्तर व मध्य अमेरिकेबाहेर कुठेच सापडत नाही. आईनं ते लगेच मान्य केलं असं नाही, पण त्या दिवसापासून ती 'इथली घूस' म्हणायला लागली.

माझ्या मनावरचा सगळ्यात मोठा भार तुमच्या एका वाक्यानं उतरला. मी घाबऱ्याघुबऱ्या विचारलं होतं, "इतके ढिगारे, म्हणजे किती असतील हो?" तुम्ही म्हणालात, "बहुधा एकच." गोफर एकलकोंडा. विणीचा काळ सोडला तर एका बिळात एकच राहतो, दुसऱ्याला आत येऊ देत नाही. आणि तो एकटा प्राणी दिवसाला कितीतरी ढिगारे काढू शकतो. त्याच्या भुयारांचं जाळं दोनशे चौरस फुटांपासून दोन हजार चौरस फुटांपर्यंत पसरलेलं असू शकतं. आमचं अख्खं परस त्यात मावतं. फौज समजून जिच्याशी लढायची तयारी चालली होती, तो वीतभर लांबीचा एक जीव होता.

विषाला तुम्ही ठाम नकार दिलात, पण नुसता नकार देऊन थांबला नाहीत, कारणही सांगितलंत. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये राहणारा पी-२२ नावाचा पहाडी सिंह, म्हणजे प्यूमा, २०१४ साली खरजेनं पार खंगलेला आढळला, आणि त्याच्या रक्तात उंदीर मारायच्या विषाचे अंश सापडले. त्यानं ते विष स्वतः जाऊन खाल्लं नव्हतं. विष खाल्लेला प्राणी दुसऱ्यानं खाल्ला, दुसऱ्याला तिसऱ्यानं, आणि ते वर चढत गेलं. कॅलिफोर्नियानं त्यातल्या सगळ्यात घातक जातीच्या विषांच्या वापरावर २०२१ पासून कडक निर्बंध घातले आहेत. आमच्या गल्लीत रात्री गव्हाणी घुबड येतं, शेजाऱ्यांकडे मांजर आहे, माझी मुलगी मातीत खेळते. एवढं ऐकल्यावर दाण्यांचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. घुबडासाठी खोका लावायचं मी उत्साहानं म्हटलं तेव्हा तुम्ही "जरूर लाव, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस" असं प्रामाणिकपणे सांगितलंत. घुबड गोफर खातं, पण तुझ्याच अंगणातला खाईल असं नाही. थरथरणाऱ्या काठ्या आणि च्युइंग गमचीही तीच गत. चाचण्यांत त्यांचा उपयोग दिसलेला नाही. जमिनीखाली राहणाऱ्याला रस्त्यावरच्या गाड्यांची, गवत कापायच्या यंत्राची थरथर रोजचीच असते, काठीला तो काय भिणार!

मग सळई. ते दृश्य मला लख्ख आठवतं. ढिगाऱ्याच्या बुचाच्या बाजूनं वीतभर अंतर सोडून तुम्ही लोखंडी सळई मातीत दाबायला लागलात. आमची माती चिकण, सळई कुरकुरत उतरत होती. एक जागा, दुसरी जागा, काही नाही. आणि एका ठिकाणी ती अचानक दोन इंच खाली गेली, कुणी खालून ओढल्यासारखी. तुम्ही सळई माझ्या हातात दिलीत, "आता तू शोध." मला ती पोकळी हाताला लागली तेव्हा अंगावर काटा आला. वरवर पाहता गवत, आणि सहा ते बारा इंच खाली कुणाचा तरी हमरस्ता. सापळा लावायचा तो या मुख्य भुयारात. ढिगाऱ्याकडे जाणाऱ्या आडवाटेत लावला तर जनावर हुलकावणी देतं. भुयार दोन्हीकडे जातं, म्हणून सापळे दोन, पाठीला पाठ लावून, तोंडं विरुद्ध दिशांना. प्रत्येकाला तार, तार खुंटीला बांधलेली, म्हणजे रात्री एखादा रकून सापळा घेऊन पळणार नाही. वर फळकुट, त्यावर माती.

सापळा होता मॅकाबीचा, आणि तो आमच्या शेजारच्याच लॉस गॅटोसचा हे मला तुमच्याकडूनच कळलं. तिथल्या मॅकाबी नावाच्या न्हाव्यानं १९०० साली त्याचं पेटंट घेतलं. सव्वाशे वर्षं झाली, तारेची घडण जवळपास तीच. या खोऱ्यात एके काळी जर्दाळू आणि आलुबुखारांच्या बागाच बागा होत्या. त्या शेतकऱ्यांचीही हीच डोकेदुखी होती, असं तुम्ही सापळ्याची कमान अंगठ्यानं मागे खेचता खेचता सांगत होता.

आईचा प्रश्न अवघड होता. "पकडून लांब नेऊन सोडलं तर नाही चालणार?" गणपतीचं वाहन नसेना का, जीव तर आहे, असं तिचं म्हणणं. कुणी हसण्यावारी नेलं असतं, पण तुम्ही तिच्याशेजारी पायरीवर बसलात. पकडलेला प्राणी परवानगीशिवाय दुसरीकडे सोडायला इथला कायदा मनाई करतो. शिवाय अनोळखी जमिनीवर टाकलेला गोफर बीळ खणेपर्यंत जगत नाही, आणि जगलाच तर दुसऱ्याच्या अंजिराखाली जाऊन बसतो. हे सांगून तुम्ही पुढे म्हणालात, "मारायचंच असं नाही वहिनी. जाळीनं निम्मं काम होतं. ठरवायचं तुम्ही." निर्णय आमच्यावर सोडलात याचं आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. आम्ही ठरवलं की वाफ्यांना जाळी घालायची, पण अंजीर वाचवायचं तर सापळ्यावाचून इलाज नाही. मोलला हात लावायचा नाही. त्यानं वर आणलेली रेघ पायानं दाबून टाकायची.

गोफर सापडला त्या सकाळी तुम्ही स्वतः आलात. हातमोजा चढवून माझ्या मुलीला त्या जनावराचं तोंड दाखवलंत. पुढचे पिवळे दात ओठांच्या बाहेर, आणि ओठ दातांच्या मागे मिटलेले. दातांनी माती उकरताना तोंडात एक कण जाऊ नये अशी रचना. मग गालाबाहेरची पिशवी बोटानं उघडलीत. आतून लव, आणि तीत मेथीच्या मुळांचे कापलेले सारख्या लांबीचे तुकडे! पोरगी भीती विसरून वाकून बघत होती. त्याच वेळी तुम्ही तिला वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्स डोंगराची गोष्ट सांगितलीत. १९८० साली तो ज्वालामुखी फुटला, सगळा डोंगर राखेनं मढला, आणि जमिनीखाली असल्यामुळे वाचलेल्या गोफरांनी खालची जिवंत माती उकरून राखेवर आणली. पुढे शास्त्रज्ञांनी तिथल्या ओसाड तुकड्यांवर मुद्दाम एका दिवसासाठी गोफर सोडले, आणि तिथे झाडोरा परत यायला मोठी मदत झाली. आपण ज्याला मारलं तो कोण होता हे त्या लेकराला कळायला हवं, असं तुम्हाला वाटलं. काका, याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

जाळीचं काम तुम्ही आमच्याबरोबर दिवसभर राबून केलंत. उंच वाफ्यांच्या तळाला अर्ध्या इंची जाळी, कडेनं वर वळवून ठोकलेली. फट राहिली तर गोफर आत शिरतो, म्हणून तुम्ही प्रत्येक सांधा तपासलात. नव्या डाळिंबासाठी जाळीची टोपली वळून दिलीत, मुळं वाढतील एवढी ऐसपैस, आणि तिची कड जमिनीच्या थोडी वर ठेवायला लावलीत, कारण हा पठ्ठ्या रात्री वरूनही चालत येतो. जुने ढिगारे सगळे सपाट करवलेत, म्हणजे नवा उमटला की त्याच दिवशी दिसेल. आयतं बीळ मोकळं राहिलं की शेजारचा गोफर राहायला येतोच, आणि पाणी घातलेल्या बागेत त्यांची वीण वर्षातून एकाहून अधिक वेळा होते. त्यामुळे लक्ष ठेवणं सुटत नाही. अंजिराची मुळं बरीच कुरतडली गेली होती. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फांद्या छाटल्या, आणि आता खालून नवे धुमारे फुटले आहेत.

तुम्ही निवृत्तीनंतर विद्यापीठाच्या मास्टर गार्डनर उपक्रमात शिकून, एक पैसा न घेता हे काम करता, हेही वाचकांना सांगायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठाची ही स्वयंसेवक मंडळी काउंटी-काउंटीत आहेत, आणि त्यांच्या मदत केंद्राला बागेतला कुठलाही प्रश्न फुकट विचारता येतो. विषाची पिशवी घ्यायला दुकानात जाण्याआधी त्यांना फोन करा, ढिगाऱ्याचा फोटो पाठवा, अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. आपल्या लोकांना भाषेची किंवा संकोचाची अडचण असते हे जाणून तुम्ही स्वतःहून मराठीत समजावून सांगत घरोघरी जाता. तुमच्या गुडघ्यांची तक्रार मला काकूंकडून कळली आहे, आणि तरी तुम्ही आमच्या वाफ्यांपाशी तासन्‌तास बसलात.

तेव्हा एक ठरवलं आहे. फ्रीमाँटच्या मैत्रिणीकडे ताजे ढिगारे आले आहेत, नालाच्या आकाराचे, बूच कडेला. शनिवारी सळई घेऊन मी जाते आहे, जाळी कापायला मुलगी बरोबर येते. तुम्ही यायचं ते फक्त खुर्चीत बसून आमचं काही चुकलं तर सांगायला. आईनं पुरणपोळ्या करायचं कबूल केलं आहे, तेव्हा काकूंनाही घेऊन या.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली अंजीरवाली