रेडिओवर बातम्यांना बंदी कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोशल मीडियावरच्या पोस्ट काढायला लावायच्या सरकारी अधिकारांवर तुम्ही परवा लिहिलंत ते वाचलं, पटलं सुद्धा, पण रेडिओ त्यात कुठंच नव्हता म्हणून हे पत्र. नेटवर आत्ता जे चाललंय त्याच्या कितीतरी पुढचं रेडिओवर वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही.

आपल्या देशात प्रायव्हेट एफएम 2001 ला सुरू झालं. तेव्हापासून आजपर्यंत त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. आकाशवाणीचं बुलेटिन घ्यायचं आणि एक शब्द इकडचा तिकडं न करता जसंच्या तसं लावायचं, एवढीच सूट. ट्रॅफिक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार हे सांगता येतं, पण आठवडाभर पाणी का आलं नाही आणि टँकरचं टेंडर कोणाला दिलं हे विचारायला गेलं की ती बातमी झाली, आणि बातमी म्हटलं की लायसन्सचा प्रश्न.

कम्युनिटी रेडिओची तर मला जास्तच चीड येते. 2006 पासून संस्थांना अशी स्टेशनं काढता येतात, आमच्या माण तालुक्यात म्हसवडला आहे, ट्रान्समीटर 100 वॉटचा, ऐकू जाणार आजूबाजूच्या दहा-पंधरा किलोमीटरात. शेती, आरोग्य, बचतगट, ओव्या, सगळं चालतं. पण झेडपीला उभ्या असलेल्या उमेदवारांना माइकसमोर बसवून चारा छावणीचं काय, कॅनॉलचं पाणी कधी, असं विचारायचं म्हटलं तर नाही चालत, कारण बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय कार्यक्रम परवानगीच्या अटीतच बंद. तीच चर्चा तुम्ही पेपरात छापली तर चालते, टीव्हीवर रात्री आठ जण एकमेकांवर ओरडतात ते चालतं, एखादा पोरगा मोबाइलवरून यूट्यूबला लाइव्ह करतो तेही चालतं. मग रानात काम करताना रेडिओ ऐकणारी बाई तेवढी राजकारण ऐकायला लायक नाही का?

आणि कोर्टाने काही सांगितलं नाही असं नाहीये. 1995 मध्येच सुप्रीम कोर्टाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या केसमध्ये सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नको, त्यांचं नियमन करायला सरकारपासून वेगळी स्वायत्त संस्था नेमा. त्या बेंचवर आपले न्या. पी. बी. सावंत होते, निकालपत्र त्यांनी लिहिलं. तीस वर्षं होऊन गेली, स्टेशनला परवानगी अजून माहिती-प्रसारण मंत्रालयच देतं. 2024 च्या लोकसभेला तर सीताराम येचुरींच्या प्रचाराच्या भाषणातले सरकारवर टीका करणारे काही शब्द आकाशवाणी-दूरदर्शनने आधीच काढायला लावले. विरोधी पक्षाच्या नेत्याने सरकारबद्दल काय बोलायचं हे सरकारी माध्यम ठरवणार? उद्या सत्ता बदलली तर आजच्या सत्ताधाऱ्यांवर हीच वेळ येईल एवढं तरी त्यांनी बघावं.

आता नेटकडं या. पालघरला 2012 मध्ये एका मुलीने बंदवर फेसबुकला दोन ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक झाली. त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं 66अ कलम 2015 ला रद्द झालं. मग 2023 मध्ये नवीन नियम आला, केंद्र सरकारच्या कामाबद्दल कुठली पोस्ट खोटी हे केंद्राचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार आणि ती ठेवली तर सोशल मीडिया कंपनीचं कायद्याचं संरक्षण जाणार. बॉम्बे हायकोर्टात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसऱ्या न्यायमूर्तींकडं गेलं, न्या. चांदूरकरांनी सप्टेंबर 2024 मध्ये तो नियम घटनेत बसत नाही असं सांगितलं. म्हणजे सरकारनेच सरकारबद्दलच्या खऱ्याखोट्याचा निवाडा करायचा हे कोर्टाला मान्य नाही. पण पोस्ट ब्लॉक करायच्या 2009 च्या नियमांत गुप्ततेची अट आहेच. पोस्ट गायब होते आणि लिहिणाऱ्याला कारण कळतच नाही, मग तो कोर्टात जाणार तरी काय घेऊन?

अफवांचं काय, असं लोक विचारतात आणि तो प्रश्न खरा आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे म्हणून पाच गरीब भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, पोटासाठी फिरणारी. व्हॉट्सॲपवर आठवडाभर त्या अफवा फिरत होत्या. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. असल्या मेसेजवर कारवाई झालीच पाहिजे, पण मारायला उठवणारा मेसेज वेगळा आणि मंत्र्याला शिव्या घालणारी पोस्ट वेगळी, दोघांना एका पोत्यात भरू नका. आणि त्या आठवड्यात तिथं बातम्या द्यायची परवानगी असलेलं एखादं छोटं स्टेशन असतं, त्यांनी तिथल्या बोलीत तासातासाला सांगितलं असतं की बाबांनो हे खोटं आहे, आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आलोय, तर काही फरक पडला नसता का? आकाशवाणीचं पुण्याचं सकाळचं बुलेटिन चांगलंच असतं, मी ऐकतो, पण त्यात पाड्यावरची अफवा कुठं येणार.

ट्रायने, म्हणजे टेलिकॉम आणि प्रसारणाच्या नियामक संस्थेने, सप्टेंबर 2023 मध्ये शिफारस केली होती की प्रायव्हेट एफएमला तासाला 10 मिनिटं बातम्या देऊ द्या. माझ्या मते 10 मिनिटं सुद्धा कमीच आहेत आणि त्यात कम्युनिटी रेडिओ पण आला पाहिजे. चुकीची बातमी दिली तर पेपरला जे कायदे लागतात तेच रेडिओला लावा, आम्ही कुठं नाही म्हणतोय. तुमच्या दिल्लीच्या वार्ताहरांना त्या शिफारशीचं पुढं काय झालं ते मंत्रालयात विचारायला सांगा, आणि आमच्या भागातल्या खासदारांना पण विचारा की त्यांनी संसदेत हा प्रश्न मांडला का, नसेल तर कधी मांडणार. उत्तर येईल ते छापा, नाही आलं तर तसं छापा.

आपला,
एक वाचक, ता. माण, जि. सातारा