माळ्यावरचं खोकं

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "माळ्यावरच्या जुन्या गेमच्या डिस्क भंगारात दे" म्हणालीस आणि क्लासची वेळ झाली म्हणून फोन ठेवलास. नवा प्लेस्टेशन ५ ड्राइव्हवाला, म्हणजे डिस्क घालता येणारा, घ्यायचा की बिनड्राइव्हचा, ते बोलायचं राहूनच गेलं. काल दिवाळीच्या सफाईत खोकं खाली उतरवलं, म्हणून लिहायला बसले.

तळाशी मामाची टीव्ही गेमची कॅसेट निघाली. सिडकोतल्या घरात आम्ही तिच्यात फुंकर मारून ती लावायचो. फुंकरीने काही होत नसे, काढून परत बसवली की पिना नीट टेकत, एवढंच. उलट तोंडाच्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडल्यात. पण सांगायचं हे की तिच्या पोटात चिपच आहे. तुला वाटतं डिस्क जुनी आणि चिप नवी. आधी चिप होती, मग डिस्क आली, आता पुन्हा चिप.

मधे डिस्क का आली ते मला चांगलं कळतं, कारण अंबडच्या कारखान्यात मोल्डिंगच्या, म्हणजे साच्यातून प्लॅस्टिकचे नग काढायच्या खात्यात, इन्स्पेक्शन टेबलावर मी वीस वर्षं काढली. डिस्क म्हणजे आमच्याच जातीचा नग. पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवायचे, साच्यात दाबायचे. साच्यात बसवलेल्या निकेलच्या पत्र्यावर सगळा गेम उलटा उठवलेला असतो. काही सेकंदांत नग बाहेर, वर ॲल्युमिनियमचा मुलामा. गेम लहान असो की मोठा, दाणे तेवढेच लागतात. चिपमध्ये जागा वाढली की पैसे वाढले. म्हणून १९९६ च्या निन्टेंडो ६४ ची कॅसेट ६४ एमबीच्या पुढे गेली नाही, आणि प्लेस्टेशनच्या एका सीडीत ६५० एमबी मावत होते. फायनल फँटसी या गेमचा सातवा भाग १९९७ मध्ये निन्टेंडो सोडून प्लेस्टेशनवर आला, तोही तीन सीडींवर.

(आताच्या चिपला 'फ्लॅश' म्हणतात. आमच्याकडे 'फ्लॅश' म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं फालतू प्लॅस्टिक. नग रिजेक्ट. तेव्हा फ्लॅशबद्दल माझं मन आधीच कलुषित आहे, हे धरून वाच.)

वेगात मात्र डिस्क हरली. तिला फिरावं लागतं, लेझरला सरकावं लागतं. प्लेस्टेशन ३ चा ब्लू-रे ड्राइव्ह सेकंदाला ९ एमबी वाचायचा; ५० जीबीची डिस्क पूर्ण वाचायला दीड तास. प्लेस्टेशन ५ च्या आतली फ्लॅश सेकंदाला ५.५ जीबी देते, म्हणजे तेच काम कागदावर नऊ-दहा सेकंदांचं. म्हणून आता डिस्कवरून गेम खेळतच नाहीत, आत उतरवून घेतात. डिस्क उरली ती किल्ली म्हणून, ती घातली तरच गेम सुरू होतो.

तुझ्या स्विचच्या, त्या निन्टेंडोच्या हातातल्या मशीनच्या, गेम कार्डाचंही पुढे तेच झालं. (ते कडू असतं हे तू चाटून पाहिलंच होतंस, लहान मुलांनी गिळू नये म्हणून मुद्दाम कडू लेप देतात.) स्विच २ च्या काही कार्डांत गेमच नसतो, नुसती किल्ली, गेम इंटरनेटवरून उतरवायचा. कारण पुन्हा तेच, मोठी चिप महाग.

तर मग ड्राइव्हवालाच घे. किल्ली असली तरी ती तुझ्या हातात राहते. डिस्कशिवाय, इंटरनेटवरून खात्यावर घेतलेला गेम देवळालीच्या आतेभावाला आठवडाभर देता येतो का? की कंटाळा आला म्हणून विकता येतो? तू दहावीत असताना कॉलेज रोडवर जुनी डिस्क देऊन वर थोडे पैसे घालून दुसरी आणायचीस, त्या हिशेबातच तुझी निम्मी सुट्टी जायची. ड्राइव्हचे जास्तीचे पैसे मी देईन, बाबांना सांगू नकोस.

आणि भंगाराचं म्हणशील तर, जुना प्लेस्टेशन २ जोडून सतराच्या सतरा डिस्क लावून पाहिल्या. पंधरा चालल्या. बंद पडलेल्या दोन्हींवर गोल चरे आहेत, म्हणजे तू गोल गोल पुसायचीस. चरा आडवा असला तर थोडाथोडाच मजकूर तुटतो आणि मशीन तो हिशेबाने भरून काढतं. गोल चरा एकाच ओळीवरून चालत जातो, तिथे त्याला काही सुचत नाही. मधून कडेकडे सरळ पुसायचं, मऊ सुती कापडाने.

मामा रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पंधराही पाठवते. कॅसेट मी ठेवून घेतली आहे.

तुझी,
आई